सोललेल्या बरगड्या

"हाडं? मला हाडं वाढतेस? मी काय दारातला कुत्रा आहे?"

सासऱ्यांनी ताट असं ढकललं, की कढत रस्सा टेबलावरून ओघळून थेट सुनेच्या पायावर सांडला. पाय होरपळला, पण तिनं हूं की चूं केलं नाही. लग्न होऊन आल्यापासून पुष्कळ गिळलं होतं तिनं, त्यात आणखी एक घोट...!

सासरे जन्मभर भट्टीपुढे घण मारलेले लोहार. सुनेवरचा भरवसा उडाला म्हणून आज स्वतः खाटकाकडे जाऊन, पांढऱ्या चरबीनं माखलेल्या बरगड्या बोटानं दाखवून घेऊन आले होते. कित्येक आठवडे ही बया मागच्या मांडीचं, चरबीचा ठिपकाही नसलेलं कोरडं मांस आणत होती, कोंबडीसुद्धा कातडी सोलून! आणि आज? त्यांनी कचऱ्याचा डबा उघडला. कागदात गुंडाळलेला चरबीचा हा एवढा गोळा! एकेक बरगडी तासून काढली होती तिनं. आता बरगडीवरची चरबी काढल्यावर राहतं काय? हाडच की!

"बघ रे, बघ तुझ्या बायकोचे गुण!"

एरवी मान खाली घालून जेवणारा नवरा आज बोलला, तेही भलतंच. "बाबांच्या तोंडचा घास काढून तुला काय मिळतं गं?"

घाव वर्मी बसला. तिनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई पेल्यात पाणी ओतत होत्या. पेला भरून वाहिला तरी ओततच होत्या...

खरं काय ते दोघींनाच ठाऊक होतं. मागे सासऱ्यांच्या छातीत कळ आली होती, त्यांनी ती पित्तावर ढकलली. पण डॉक्टरांनी सासूबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, हृदयाच्या नळ्या तुंबल्यात, चरबी म्हणजे विष. सासऱ्यांचा थोरला भाऊ असलंच दुखणं कळल्यावर धास्तीनं अंथरुणाला खिळला, तो उठलाच नाही! म्हणून सासूबाईंनी सुनेचे हात धरले होते. "यांना कळता कामा नये. आणि आपल्या दिवट्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. दोष तू घे, बाई. कंजूष म्हणतील, म्हणू देत." आणि त्या पोरीनं तो घेतला... हसत घेतला!

"उद्याच्या उद्या माहेरी चालती हो!" सासरे गरजले. "माझ्या चुलीपाशी नकोस तू!"

"जाते, बाबा." डोळे भरून आले तरी आवाज ढळला नाही. "फक्त मी गेल्यावर बरगड्या आणू नका. मांडीचंच आणा, आणि दिसेल ती चरबी शिजवायच्या आधी काढायला लावा..."

"अजून वर तोंड करून शिकवतेस?"

"शिकवू दे तिला!" सासूबाईंनी तांब्या आदळला. "कसलं पित्त नि कसलं काय! हृदय बिघडलंय तुमचं! तिला मीच गप्प बसवलं. गावभर माझी जीभ चालते, आणि तुमच्यापुढे दातखीळ बसली माझी... त्या पोरीला भाजलं, तरी मी पाणी ओतत बसले!"

सासऱ्यांचा हात छातीवर गेला. सासूबाई नि नवरा जागीच थिजले... आणि सगळ्यांच्या आधी धावली ती सूनच!

"बाबा!"

"थांब... काही होत नाही मला." त्यांची नजर तिच्या लालबुंद पायावर खिळली होती. उभी हयात आगीपुढे काढलेला तो माणूस गुडघ्यांवर हात रेटून उठला, बादलीभर गार पाणी घेऊन आला. "पाय घाल यात आधी. भाजल्याची आग काय असते, मला विचार..."

पुढच्या रविवारी खाटकानं त्यांना पाहताच बरगड्या पुढे केल्या. "घ्या काका, तुमच्यासाठीच राखून ठेवल्यात!"

सासऱ्यांनी डोळे भरून त्या बरगड्यांकडे पाहिलं, आणि बाजूला होत सुनेला पुढे केलं.

"मला काय विचारतोस? माझा जीव हिच्या हातात आहे. माझी लेक दाखवेल ते काप."