चुकीच्या पायाचा बूट

"पुन्हा टाच खाल्ली. माणसं चालतात की बूट कुरतडतात, कळत नाही."

माझ्या पायाशी बसून इस्पितळातला बूटवाला स्वतःशीच पुटपुटला. त्याचं डोकं माझ्या गुडघ्यापासून वीतभर लांब. ऐकू न यायला काय झालं?

"कुरतडते मी," मी म्हटलं. "दर महिन्याला यायला काहीतरी निमित्त नको?"

त्याचे कान लाल झाले... टेप हातातून सुटला.

सातव्या वर्षी माझ्या खुब्यातला हाडाचा गोळा झिजायला लागला. सर्जननी मांडीचं हाड कापलं, वळवलं, पट्टी ठोकून गोळा नीट बसवला. मग अडीच महिने छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, आणि दोन पायांमध्ये दांडा. दादाने तो धरून मला बादलीसारखं उचलून पाहिलं आणि बाबांचा मार खाल्ला. सांधा वाचला. उजवा पाय तेवढा थोडा आखूड राहिला, आणि आमच्या घरातून एक शब्द हद्दपार झाला. "जरा सावकाश चालते ती," असं आई सांगायची. पाहुणे यायच्या आधीच मला सोफ्यावर मांडून ठेवायची, फुलदाणीसारखं.

"रविवारी बघायला येणार आहेत मला," मी बूटवाल्याला सांगितलं. "नवा जोड लागेल."

"हो का," तो म्हणाला.

चार वर्षं माझं पाऊल हातात घेतलेला माणूस, आणि नुसतं – हो का.

रविवारी दादाने खोका आणला. बूट मी सोफ्यावर बसूनच चढवले. गप्पा रंगल्या. मुलाची आत्या म्हणाली, "चल गं, तुमची बाग तरी दाखव."

मी उठले... आणि थेट मुलाच्या मांडीवर बसले.

"मुंग्या आल्या असतील पायाला," आई घाईघाईने म्हणाली.

आत्याबाई माझ्या बुटांकडे बघत होत्या. जाड तळ उजव्याऐवजी डाव्या बुटाला होता.

सोमवारी मी इस्पितळातल्या त्याच्या खोलीत गेले. आईही हट्टाने मागोमाग आली. मी जोड त्याच्या पुढ्यात आपटला.

"चार वर्षं उजवा, आणि नेमका कालच डावा?"

"मुद्दाम नाही केलं," तो म्हणाला. "तुम्ही रविवारचं सांगून गेलात... मग मी काय कापतोय, काय चिकटवतोय, काही सुधरेना."

"का सुधरेना?"

"ते – तसंच."

"स्थळ गेलं माझं."

"अरेरे," तो म्हणाला. इतकं आनंदी अरेरे मी जन्मात ऐकलं नव्हतं. "दुसरा जोड करून देतो. दोन देतो."

"जोड नकोत मला."

"मग?"

"मग काय... ते तुम्हीच सांगायचं."

तो हातातल्या आरीकडे बघत राहिला, मी छताकडे. शेजारच्या खोलीत कुणा पोराचं प्लास्टर कापत होते. करवतीपेक्षा पोराचा आवाज मोठा होता.

आईने सुस्कारा सोडला, स्टूल ओढलं आणि ठाण मांडलं.

"हे बघा," ती म्हणाली, "माझी मुलगी लंगडते. फक्त तुमच्याकडे यायचं असलं की धावते. आता तरी काही बोलाल का?"