फायची बुरशी का रुसली?

"मावशी, कडं नाहीच पडलं!"

फायने काचेची बशी खिडकीशी धरली. खारफुटीच्या पानातून तिने काढलेली बुरशी रोगाच्या बुरशीला मारायची. तिच्या अर्काच्या थेंबाभोवती स्वच्छ कडं पडायचं. महिनाभर ते पडत नव्हतं. उद्या समिती बसणार होती. कडं नाही तर तीन वर्षांचं काम आणि पदवी, दोन्ही गेली खाडीत!

लमाय मावशी रानोंग शहरातल्या त्या प्रयोगशाळेत वीस वर्षं बाटल्या धूत होती. शिकलेल्यांच्या मध्ये बोलायचं नाही, हा तिचा नियम. आज तिने तो मोडला.

"बुरशी वाढवतं कोण?"

"थिदाताई. मी खाडीत असते ना, पानं तोडायला."

थिदा प्रयोगशाळेतली जुनी विद्यार्थिनी; फायच्याच खोलीत राहायची, रोज तिला आंबट कालवण करून वाढायची. "बुरशी दमते गं कधीकधी," ती पलीकडच्या टेबलावरून म्हणाली. "सरांनाही तेच सांगितलंय मी."

"खाद्य कशात कालवतेस?" मावशीने विचारलं.

"खाडीच्या पाण्यात. नेहमीसारखं."

"आणि तुझ्या त्या निळ्या झाकणाच्या बाटल्या?"

"त्या वर्षभर रिकाम्याच आहेत. मावशी, आता तुम्ही मला बुरशी शिकवणार?"

"मी कसली शिकवते बाई! मी घासते."

मावशीने दोन बाटल्या आणून टेबलावर ठेवल्या.

"खाडीचं पाणी उकळलं की काठाला क्षारांची पांढरी रेघ धरते. घासून बोटं सोलतात माझी. पण महिना झाला, फायच्या बाटल्या नुसत्या विसळल्या तरी लख्ख. म्हणजे साधं पाणी! अळणी खाद्यावर ही बुरशी वाढते, पण औषध करत नाही. सर दरवर्षी नव्या पोरांना सांगतात, मीही ऐकते." तिने निळ्या झाकणाची बाटली पुढे सरकवली. "मग या रिकाम्या बाटलीला रेघ कुठून आली? खरं औषध हिच्यात पिकलं. फाय नापास झाली की ते तुझ्या नावावर. विसळून ठेवलीस, पण ही रेघ विसळून जात नाही. जन्मात बाटली घासली असतीस तर कळलं असतं."

थिदाचा चेहरा उतरला.

"ताई?" फाय तिच्याकडे वळली. "केसाने गळा कापलास माझा?"

"सात वर्षं चिखल तुडवला मी!" थिदा किंचाळली. "माझं नाव कुणी कुठे लावलं?"

फायने पिशवीतून समितीसाठी छापलेला शोधनिबंध काढून तिच्यापुढे टाकला.

"वाच. पहिलं नाव तुझंच घातलंय."