झोपू दे म्हटलं

गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या नानांना डॉक्टरांच्या बंगल्यावर बोलावणं आलं, तेव्हा काम अगदी साधं होतं. डॉक्टरांच्या वडिलांची जुनी अमेरिकन गाडी कित्येक वर्षं गॅरेजमध्ये झाकून पडली होती. आता डॉक्टरांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि आजोबांच्या गाडीतूनच निघायचं असा तिचा हट्ट होता. इंजिन मेकॅनिकनं काढून नेलं होतं. आतलं सगळं, म्हणजे सीटा, छताचं अस्तर, दारांची आतली बाजू, नानांनी करायचं. नवी दिसली पाहिजे, एवढंच सांगून डॉक्टर दवाखान्यात निघून गेले.

पहिल्या दिवशी नाना गाडीभोवती नुसतेच फिरले. होडीसारखी लांब गाडी. तिचं बॉनेटच त्यांच्या गाळ्याएवढं. पुढची सीट या दारापासून त्या दारापर्यंत एकसलग, दिवाणासारखी. चामडं तडकलेलं, शिवणी उसवलेल्या, कोपऱ्यातून काथ्या डोकावत होता. पण मूळ काम असं की बघत राहावं. नानांनी एका शिवणीवरून अंगठा फिरवला आणि ती घालणाऱ्या अनोळखी हाताला मनातल्या मनात नमस्कार केला.

गॅरेज बंगल्याच्या मागे होतं. एक पत्र्याचं दार, वर धुळीनं आंधळी झालेली काच. भर दुपारीही आत संध्याकाळ असायची. दार उघडलं की आधी कुबट हवेचा वास यायचा, मग उंदरांचा, मग जुन्या चामड्याचा. आणि गाडीत डोकं घातलं की दाढीच्या साबणाचा. ताजा, नुकताच फेस केल्यासारखा. जुन्या वस्तू वास धरून ठेवतात, अशी नानांनी स्वतःची समजूत घातली आणि मागच्या सीटपासून कामाला सुरुवात केली.

दुपारची जेवणं झाली की डॉक्टरांच्या आई यायच्या. घरात सगळे त्यांना आजीच म्हणत, म्हणून नानाही आजीच म्हणू लागले. काठी भिंतीला टेकवून त्या पुढचं उजवं दार उघडायच्या आणि आत बसायच्या. गाडी अमेरिकन, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. तुमचं चालू द्या हो, असं नानांना सांगून त्या समोरच्या काचेतून रंग उडालेल्या भिंतीकडे बघत राहायच्या. मधूनच काहीतरी हळू बोलायच्या, जसं प्रवासात शेजारच्याशी बोलतात. आता ऊन उतरेल. खिडकी जरा खाली करू का.

त्या बसल्या की स्प्रिंगा कुरकुरायच्या, ते साहजिकच होतं. पण थोड्या वेळानं आणखी एकदा कुरकुरायच्या, डावीकडून, आणि मागे वाकून बसलेल्या नानांना गाडी त्या बाजूला किंचित कलल्यासारखी वाटायची. नाना म्हणायचे, झिजलेल्या स्प्रिंगा आहेत, दुसरं काय. पण सुई हातात तशीच राहायची.

एकदा चहा पिता पिता त्यांनी विचारलंच, एवढ्या उकाड्यात इथे का बसता म्हणून. आजींनी काही आढेवेढे घेतले नाहीत. आपल्या यजमानांचा या गाडीवर जेवणापेक्षा जास्त जीव होता, असं त्यांनी सांगितलं. एकदा बहिणीकडून परत येताना त्यांनी रस्त्याकडेच्या झाडाखाली गाडी घेतली, ब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि मान मागे टाकली. लांबच्या प्रवासात ते अशी डुलकी काढत.

"झोपू दे म्हटलं," आजी म्हणाल्या. "दमले असतील. ऊन कलेपर्यंत मी जागची हलले नाही. खोकला आला तोसुद्धा गिळला."

डॉक्टर तेव्हा शिकत होते. लवकर हाक मारली असती तर वडील कदाचित वाचले असते, असं ते दुःखाच्या भरात एकदाच बोलून गेले. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. पण आजींचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका वाक्याखाली गेलं.

कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "सगळं नवं करा. फक्त त्यांच्या बाजूला हात लावू नका. अजून झोपलेत ते."

नाना "बरं" म्हणाले. म्हाताऱ्या माणसाला कशाला नाही म्हणा, अशातलं ते "बरं" होतं.

मागचं काम संपलं आणि पुढच्या सीटची पाळी आली. नानांनी डॉक्टरांना आजींचं म्हणणं सांगितलं. आईचं एवढं मनावर घेऊ नका, असं डॉक्टर कंटाळल्या आवाजात म्हणाले. पण खरं सांगायचं तर नानांना डॉक्टरांच्या परवानगीची गरजच नव्हती. एकसलग सीट; अर्धी नवी, अर्धी जुनी म्हणजे नव्या कोटाला ठिगळ. लग्नात शंभर माणसं बघणार आणि विचारणार, हे कुणी केलं? नानांचा हात त्या विचारानंच शिवशिवत होता. आजींना डोळे तपासायला घेऊन जायचं ठरलं, तो दिवस त्यांनी धरला.

त्या दुपारी बंगल्यात कुणी नव्हतं. नानांनी उजव्या बाजूचं चामडं उसवलं. ते सुकल्या पानासारखं कडकड तुटत आलं. डाव्या बाजूला पोचल्यावर मात्र चामडं मऊ लागलं. त्याखालचा काथ्या बाजूला सारायला त्यांनी हात घातला आणि तसाच मागे घेतला. काथ्या गरम होता. कुणी उठून गेल्यावर खुर्ची कोमट राहते, तसं ते नव्हतं. अजून कुणी बसलेलं असावं, तसं होतं.

गॅरेजमध्ये ऊन येत नव्हतं. नानांनी कपाळ पुसलं. इथे ते थांबू शकले असते. पुढे कितीतरी दिवस ते हेच स्वतःला सांगत राहिले. चामडं पुन्हा अंथरून चार टाके घातले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण निम्मी सीट उघडी पडली होती आणि हातातलं काम अर्धवट सोडायची सवय नव्हती. त्यांनी काथ्या ओढून काढला. स्प्रिंगांना बांधलेले दोरे एकेक कापत गेले. शेवटचा दोरा कापला.

भार गेला की स्प्रिंगा उसळून वर यायला हव्यात. त्या आल्या नाहीत. दबलेल्याच राहिल्या.

"उठा..." नाना पुटपुटले.

स्प्रिंगांना कुणी "उठा" म्हणत नाही, हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं.

मग स्प्रिंगा वर येऊ लागल्या. हळूहळू, एकामागून एक, जसं वयस्कर जड माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठतं. गाडी डावीकडे कलली, आणि सरळ झाली. डावीकडचं दार नानांनी स्वतः लावलं होतं. ते सावकाश उघडलं. कुणी बाहेर आलं नाही, म्हणजे दिसलं तरी नाही. साबणाचा वास तेवढा नानांच्या तोंडावरून गेला, पत्र्याच्या दाराशी क्षणभर घोटाळला, आणि विरला. नंतर गाडीत तो पुन्हा कधी आला नाही.

नानांनी त्याच दिवशी जुना काथ्या एका गादीवाल्याला देऊन टाकला आणि सीट पुरी केली. अशी की डॉक्टर दवाखान्यातून येऊन तिच्यावरून हात फिरवत बसले.

आजी दुसऱ्या दुपारी आल्या. नेहमीसारख्या काठी टेकवून आत बसल्या. मग त्यांनी शेजारच्या गुळगुळीत चामड्यावर तळवा ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"उठवलंत त्यांना?"

नानांनी हातातली सुई खाली ठेवली.

"कधी?"

"काल... दुपारी."

आजी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"जाग आली की माणूस आधी शेजारी बघतं हो," त्या म्हणाल्या. "आणि नेमकी काल मी नव्हते."

नाना त्याच पावली गादीवाल्याकडे धावले. काथ्या पिंजून, दुसऱ्यात मिसळून, कुठल्या कुठल्या गाद्यांत भरला गेला होता. ते परत आले, सीट पुन्हा उसवतो, जसा खळगा होता तसा करून देतो म्हणाले. आजींनी मान हलवली. खळगा काय करायचाय, म्हणाल्या. त्यानंतर त्या सकाळीही गाडीत येऊन बसू लागल्या. काही बोलत नसत, नुसत्या दाराकडे बघत असत. स्प्रिंगा एकदाच कुरकुरायच्या, त्या बसायच्या तेव्हा.

लग्नाच्या आधीच आजी गेल्या. जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. लग्न पुढे गेलं, मग साधेपणानं झालं. गाडी निघाली, लोकांनी आत डोकावून विचारलंसुद्धा, हे कुणी केलं म्हणून. नाना फाटकाबाहेर उभे होते. पुढे आले नाहीत.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका संध्याकाळी ते दुकानातून घरी आले तर बायकोनं पाणी देता देता विचारलं, दुपारी कशाला आला होतात? नाना दुकानातून हललेच नव्हते. ती सांगत होती, की जेवून जरा डोळा लागला होता, तुम्ही खांद्याला धरून हलवलंत. उजेडामुळे तोंड नीट दिसलं नाही.

"वाकून कितीतरी वेळ बघितलंत माझ्याकडे. मग 'माफ करा' म्हणालात आणि निघून गेलात. लग्नाला एवढी वर्षं झाली, मला कधी माफ करा म्हणाला नाहीत ते."

"चष्मा शोधायला आलो होतो," नाना म्हणाले.

आता ती दुपारी आडवी झाली की नाना दुकान ओढून घेतात आणि घरी येऊन तिच्या उशाशी बसतात. आजींचे यजमान आलेच तर त्यांना सांगायचं आहे, की आजी वाट बघत होत्या, अगदी शेवटपर्यंत, दाराकडे डोळे लावून. आजींना आता कुठे शोधा हे मात्र नानांना सांगता येणार नाही. अजून तरी कुणी आलेलं नाही.

परवा बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, समोरच्या वहिनींना काल दुपारी कुणीतरी हलवून उठवलं. त्यांना वाटलं यजमान आले. पण त्यांचे यजमान तर महिनाभर परगावी आहेत.