रिलीव्हर आला का?

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर पिरंगुटच्या त्या कारखान्याच्या गेटवर गेणबा अजून बसतो. त्याला विचारा.

१७ ऑक्टोबर २००९. लक्ष्मीपूजनाचा दिवस. दुपारचे दोन.

कारखान्याला सुट्टी. आत, सर्व्हरच्या एसी खोलीत, एकटा शैलेश. मूळचा नांदेडचा, माणमध्ये भाड्याच्या खोलीत राहणारा. सर्व्हर सांभाळायला दोनच महिन्यांपूर्वी लागला होता. संध्याकाळी सातची नांदेडची गाडी पकडायची होती. आईवडील गेल्यापासून बहीण सुनीती, तेवढंच काय ते त्याचं घर. भाऊबीज चुकवायची नव्हती.

काम तसं किरकोळ. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे जणू चार वेगळे कॉम्प्युटर, चालायची. मेमरी पुरेनाशी झाली की कॉम्प्युटर बरेच दिवस कोणी हात न लावलेल्या गोष्टी डिस्कवर नेऊन टाकतो. आपण जुनं सामान माळ्यावर टाकतो तसं. याला स्वॅप म्हणतात. तो जुन्या, संथ डिस्कवर होता. बंद करायचा, नव्या डिस्कवर मांडायचा, झालं.

फक्त बंद करताना माळ्यावरचं सगळं परत खाली येतं.

तीन मशीन चटकन झाली. चौथं हजेरीचं. ते वर्षभर कोणी बंदच केलं नव्हतं. शैलेशने कमांड दिली.

डिस्क कुरकुरायला लागली... थांबेचना.

मशीनवर कोण कोण आहे ते त्याने पाहिलं. दोन नावं. एक त्याचं.

दुसरं दयानंद. लॉगिन मागच्या दिवाळीचं. शेवटची कळ दाबून झालेले दिवस ३५४.

विसरला असेल बिचारा, शैलेश मनात म्हणाला.

डिस्क गप्प झाली...

त्याने पुन्हा पाहिलं. ३५४ दिवसांच्या जागी दोन सेकंद.

आणि स्क्रीनवर ओळ उमटली. "रिलीव्हर आला का?"

कारखान्याची पद्धतच होती. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पण आज कसली पाळी? हेड ऑफिसातलं कोणीतरी टवाळी करत असणार. खरं सांगायचं तर शैलेशला बरंच वाटलं. सकाळपासून त्याच्याशी कोणी एक शब्द बोललं नव्हतं.

त्याने टाइप केलं, "आलो."

खाली दुसरी ओळ उमटली.

"मग मी निघतो."

यादीतून दयानंदचं नाव गेलं.

मागे रिकामी खुर्ची करकरली. शैलेश वळला. बंद दार उघडलं होतं... आता सावकाश परत लागत होतं.

त्याने घाईघाईने नवा स्वॅप लावला. मशीन बंद करून चालू केलं, म्हणजे कोणाचंच लॉगिन मागे राहायला नको. मग धावत गेट गाठलं.

"गेणबा, आत्ता बाहेर कोण गेलं?"

"कुणीबी न्हाई. का वो?"

"दयानंद कोण?"

गेणबाने टोपी काढून हातात घेतली. "तुमच्याच जागंवर व्हते. लई सरळ मानूस. रिलीव्हर आल्याबिगर उठायचे न्हाईत. मागल्या दिवाळीला रिलीव्हर आलाच न्हाई. चार दिसांनी दार उघडलं, तर खुर्चीतच बसल्याले..."

शैलेशला गाडी मिळाली. सुनीतीने ओवाळलं. घर माणसांनी भरलेलं होतं आणि हा मात्र त्या खोलीतच बसल्यासारखा एकटा. पाठीला एसीचा गारवा लागत राहिला. पुढे नोकरी सोडली, नांदेडला आला, तरी तो गारवा जाईना.

पुढच्या दिवाळीत फोन आला.

"सर, मी जान्हवी. तुमच्या जागेवर लागलेय. सुट्टी आहे म्हणून आज स्वॅप बंद करतेय. हजेरीच्या मशीनवर तुमचं लॉगिन चालूच आहे."

"शक्य नाही."

"आहे ना. मागच्या दिवाळीपासून. आणि सर... ते विचारतंय, रिलीव्हर आला का. तुम्हीच गंमत करताय ना? उत्तर देऊ?"

नको, असं अगदी ओठांवर आलं होतं.

शैलेश गप्प राहिला.

फोनमधून कळा दाबल्याचा आवाज आला...

त्या रात्री त्याला वर्षभरात पहिल्यांदा गाढ झोप लागली. पाठीचा गारवा गेला होता.

जान्हवीचा नंबर अजून त्याच्याकडे आहे. तो लावायची हिंमत त्याला झालेली नाही.