क्रँकी म्हणजे खुशीत

ताईला ती नोकरी लागली असती तर तिच्या पदरात काय पडणार होतं? पगार बेताचाच, पण पाळणाघरामागची एक खोली, आतून कडी लावता येईल अशी... जन्मात पहिल्यांदा! आणि ती गेली असती तर तिच्या धाकट्या भावाचं काय जाणार होतं? विचारूच नका. आयतं जेवण, आवरलेलं घर आणि त्याच्या तान्ह्या लेकाला रात्रंदिवस अंगाखांद्यावर वागवणारी बिनपगारी माया!

अडचण एकच होती. संध्याकाळी पोरं न्यायला येणाऱ्या आईबापांना त्यांच्या लेकरांचे दिवसभराचे रंगढंग इंग्रजीत सांगावे लागत. धाकटा इंग्रजीचा मास्तर. त्याला शिकता यावं म्हणून तर ताईनं स्वतःची शाळा सोडलेली. मग दुसऱ्या कुणाकडे कशाला जायचं? ती भाजी चिरायची, तो खुर्चीत रेलून शिकवायचा.

“‘शाय’ म्हणजे लाजाळू. ‘क्रँकी’ म्हणजे... खुशीत. ‘सल्की’ म्हणजे मनमिळाऊ.”

“किती गोड शब्द रे!” ताई हरखून म्हणायची, आणि भांडी घासतानाही तेच शब्द पुटपुटत राहायची.

मुलाखतीच्या दिवशी ठेवणीतले कपडे घालून, घसा खाकरून ती उभी राहिली. “बाई, आय व्हेरी सल्की! ऑल डे क्रँकी! आय मेक ऑल चिल्ड्रन क्रँकी!”

पाळणाघराच्या मुख्य बाईंना हसू आवरेना. “अहो, क्रँकी म्हणजे किरकिरं! आणि सल्की म्हणजे तोंड फुगवून बसणारं! कुणी शिकवलं हो तुम्हाला?”

एखादा शब्द चुकला असता तर ताईनं चूक म्हणून सोडून दिलं असतं; पण दोन्ही, आणि दोन्ही नेमके उलटे...! याच संस्थेच्या शाळेत धाकट्याला आता कायमची नोकरी लागणार होती. नेमणुकीवर सही तेवढी व्हायची राहिली होती. ओठांवर आलेलं त्याचं नाव तिनं कडू औषधासारखं गिळलं.

“कुणी नाही, बाई. मीच मेली पुस्तकं चाळत बसते. उलटंच शिरतं डोक्यात.”

घरी धाकटा दारातच उभा होता. “काय झालं गं ताई?” त्यानं विचारलं, नजर मात्र जमिनीवर.

“हसवलं त्यांना पोटभर. घाबरू नकोस, तुझं नाव नाही घेतलं.”

तो मटकन खाली बसला, तिचे पाय धरून ओक्साबोक्शी रडू लागला. “चुकलो गं ताई! तू गेली असतीस तर आमचं कसं झालं असतं...!”

“मग ‘जाऊ नकोस’ म्हणायचंस ना रे! तेवढ्याला इंग्रजी कशाला लागतंय? थांबले असते की मी!”

तिचा हात मात्र त्याच्या केसांतून फिरतच राहिला. बहीणभावात सगळं गोड झालं म्हणायचं! पुढे धाकट्याच्या नेमणुकीवर सही झाली, भावजयीची झोपमोड टळली, मागची खोली कुणा परकीला मिळाली. धाकटा तर रडून मोकळाही झाला. त्याची समजूत काढायचं कामसुद्धा ताईच्याच अंगावर पडलं.