रिकाम्या चौकातली मुलगी

"रेघ वडताना दम सोडू नको, दीपे. रेघ हालली का देवी हालते."

लाडकीमावशीचा हा आवाज मी सात वर्षांची असताना ऐकला. मनोरजवळच्या आमच्या पाड्यावर, गेरूने सारवलेल्या कुडासमोर. मावशी धवलेरी आहे, आमच्या वारल्यांत लग्न तीच लावते. ती गाते तोवर सवाष्णी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाची चौकट, लिहितात. एकदा सुरू झालेला धवल, लग्नाचं गाणं, शेवटच्या ओळीपर्यंत मोडायचा नसतो.

त्या आवाजावर मी रेघ शिकले. आता तीच रेघ बोईसरला संगणकावर ओढते. स्टेशनच्या पश्चिमेला हार्डवेअरच्या दुकानावर आमची खोली आहे. खिडकी उघडली की तारापूरच्या कारखान्यांचा आंबूस वास येतो, बंद केली की आमच्याच घामाचा. तिघं मिळून आम्ही एक व्हिडिओ गेम बनवतो, नाव 'डोंगरवाट'. धर्मेशभाई मालक, धीरज कोड लिहितो, चित्रं माझी.

गेम यायला दोन महिने होते. तेवढ्यात डिस्कॉर्डवरच्या आमच्या चॅट-ग्रुपमधली पोरं मागे लागली. ताई, बॅनर द्या. प्रोफाइलला लावायला चित्र द्या. मोबाइलचा वॉलपेपर द्या, आम्हीच गावभर करतो.

"दोन दिवसांत फॅन किट पाहिजे," धर्मेशभाई म्हणाले. "आदिवासी टच दे. तुझ्या घरचंच आहे ना?"

घरचंच. त्या शब्दाचा मला राग आला, आणि त्या रागातच मी फोनमधला तो जुना फोटो काढला. दुसरं काही सुचलं नाही, हे खरं.

फोटो माझ्या बहिणीच्या, सपनाच्या लग्नाचा. तीन वर्षांपूर्वीचा. भर दुपारी मावशी गात होती:

पीठ वाटा गं नव्या भाताचं,
चौक लिहा गं ओल्या हातानं.

चारी बाजूंच्या पट्ट्या लिहून झाल्या होत्या. मधे लग्नाची पालघट देवी तेवढी काढायची होती. धवल संपला, सवाष्णी नवरीला आणायला गेल्या, आणि नवरी घरात नव्हती. मावशीच पुढे आली. म्हणाली, "गेली ती. खडी-क्रशरच्या डायवरासंगं टेम्पोत चढली. मी मागच्या दारातनं माझ्या डोल्यांनी पाह्यली."

धवलेरीचा शब्द. कुणी शोधलं नाही. नवऱ्याकडचे लोक आमच्या दारात थुंकून गेले. बाबाने चौकावर गेरू फासला आणि सपनाचं नाव घरात बंद केलं.

आणि मी? मी बोईसरला नोकरी धरली ती तिच्यासाठी; पळालेली पोर इथल्याच कारखान्यात कामाला लागणार, असं वाटायचं. रोज शिफ्ट सुटताना एमआयडीसीच्या फाटकाशी उभी राहायचे, बायकांचे चेहरे बघत. सापडली तर आधी कानाखाली ओढायची, मग मिठी मारायची, असं ठरवलेलं होतं. तीन वर्षं हात शिवशिवत राहिला.

फोटोवरून मी चौक तसाच्या तसा उतरवला. मधली जागा रिकामीच होती. ती बघून धर्मेशभाई खूश. "भारी! इथे फॅन आपलं नाव टाकतील."

सोमवारी सकाळी किट गेलं. दुपारी जळगावच्या भावेश नावाच्या पोराचा मेसेज आला.

"ताई, मुलगी नसलेलं बॅनर मिळेल का? नाव टाकायला जागा पुरत नाही."

मी लिहिलं, त्यात मुलगी नाही. त्याने स्क्रीनशॉट पाठवला. चौकाच्या तळाला एक बारीकशी आकृती होती. दोन त्रिकोण, एक गोल, अंबाडा. आपल्याकडे पाठ.

माझी मूळ फाइल उघडली. चौक रिकामा.

"किसीने मजाक किया होगा, दीदी," धीरज म्हणाला. "नहीं तो कॅशे, कोई पुरानी फाइल अटकी होगी. आधी दुनिया कॅशे से परेशान है."

मी फाइल पुसून पुन्हा चढवली. संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी मागणी केली होती. मुलगी थोडी डावीकडे सरकवा. मुलगी मोठी करा. टी-शर्टवर छापायला फक्त मुलगी द्या. एकमेकांना न ओळखणारी पोरं, कुणी नांदेडचा, कुणी सुरतचा. एकाने विचारलं, "बाकी सगळं पांढरं आहे, मग हिचे हात पिवळे का?"

मी खुर्ची मागे सारली. पंख्याचा आवाज होता, खाली कुणीतरी पत्रा कापत होतं. मी स्वतःला समजावलं, हळद सगळ्यांनाच माहीत असते.

दुसऱ्या दिवशी मागण्या बदलल्या.

"आडव्या बॅनरमध्ये ती गुडघाभर पाण्यात आहे, उभ्या वॉलपेपरमध्ये कमरेपर्यंत. बरोबर कुठलं?"

"मोठ्या पोस्टरमध्ये खाली दगडाच्या पायऱ्या दिसतात आणि निळं पाणी. ही लेव्हल गेममध्ये आहे का?"

स्क्रीनशॉट मी एकेक करून पाहिले. त्या पायऱ्या नव्हत्या. पोकलेनने कातळ खाल्ला की तसे टप्पे पडतात. डाव्या टप्प्यावर वाकडा लोखंडी खांब, त्याला गुंडाळलेली तार. मी तो खांब ओळखला. आमच्या घरामागची दगडखाण. ना कुंपण, ना पाटी. क्रशरवाल्यांनी डोंगर पोखरून ती तशीच पाण्याने भरू दिली होती, आणि हापसा आटला की आम्ही भांडी घासायला तिथेच जायचो.

ती खाण आता नाही. लग्न मोडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी क्रशरवाल्यांचे ट्रकामागून ट्रक आले आणि दगडाचा चुरा ओतून ती बुजवून गेले. आज तिथे सपाट मैदान आहे. तिचा एकही फोटो माझ्याकडे नाही. गेममध्येही ती नाही.

"किट मागे घ्या," मी धर्मेशभाईंना म्हणाले.

"वेडी झालीस? वीस हजार लोकांनी उतरवलंय! सगळे त्या मुलीबद्दलच बोलतायत. कोणी काढली ती?"

"मी नाही काढली."

"मग ज्याने काढली त्याला सांग, अजून चार काढ. पुढून, हसताना."

"माझी बहीण हाय ती!" मी ओरडले. एवढी वर्षं बोईसरला धुऊनपुसून ठेवलेली माझी बोली एका दमात बाहेर आली. "तुमी काय समजता? टी-शर्ट हाय ती? मागे घ्या म्हणते ना!"

धीरजने हेडफोन काढले. धर्मेशभाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "बहिणीचं चित्र न विचारता टाकायला मी सांगितलं होतं का?"

माझा राग आणखी वाढला. सगळ्या फाइली मी त्यांच्यासमोर पुसल्या. दहा मिनिटांनी माझा फोन वाजला.

भावेशचा मेसेज. "ताई, शेवटच्या व्हिडिओबद्दल थँक्स."

व्हिडिओ आम्ही बनवलाच नव्हता. त्याने पाठवला तो मी उघडला. सात सेकंदांचा. चौक. निळं पाणी. पांढरा गोल आणि दोन पिवळे हात, बाकी सगळं पाण्याखाली. आवाज नव्हता. धीरजने स्पीकर लावून पाहिला, मग आवाजाची पट्टी उघडून दाखवली. सरळ, सपाट रेषा.

"ऑडिओ है ही नहीं, दीदी," तो हळूच म्हणाला. या वेळी त्याने विनोद केला नाही.

खाली भावेशने लिहिलं होतं, "ती तीनदा काहीतरी म्हणते. मला 'मावशे' ऐकू येतं. बरोबर आहे का? सबटायटल टाकायचं आहे."

त्याच्याखाली सुरतचा पोरगा: "हो, मलाही तेच."

त्याच्याखाली नांदेडचा.

मी पर्स उचलली.

चिल्हार फाट्यापर्यंत रिक्षा, पुढे मनोरची एसटी, तिथून चालत. तीन वाजता पाड्यावर पोचले. ऊन नुसतं भाजत होतं. मावशी आमच्या घराच्या मागच्या दाराशी सुपात नाचणी पाखडत बसली होती.

"एकली आलीस? जेवलीस का?"

"मावशी, हे बघ."

"मना नाय दिसं त्या फोनात."

"दिसंल. बघ."

तिने सूप खाली ठेवलं. फोन हातात घेतला नाही. मीच तिच्या डोळ्यांसमोर धरला. सात सेकंद गेले. व्हिडिओ पुन्हा आपोआप सुरू झाला.

"आवाज बंद कर," मावशी म्हणाली.

मी फोन खाली घेतला नाही.

"त्याला आवाज नाय, मावशी."

मागे सपाट मैदानावर गरम वारा धूळ फिरवत होता.

"तू तिला टेम्पोत चढताना पाह्यलीस?"

तिने सूप पुन्हा पुढे ओढलं.

"तीन वरीस मी फाटकाशी उभी राह्यले. तिला शिव्या घालत. बाबाने तिचं नाव टाकलं. सांग, पाह्यलीस?"

मावशीने पदराने तोंड पुसलं. हाताला लागलेला कोंडा गालावर राहिला.

"हळदीचे हात धवाय गेली ती. मी या दाराशी बसलेली, तोंड भिंतीकडं. पयली हाक आयकली. म्हटलं, कायतरी मागत असंल. दुसरी आयकली तवा मना समजला."

"मग उठली का नाहीस?"

"धवल अर्धा होता, दीपे. अर्धा टाकला तर नवरा-नवरीचा संसार अर्धा ऱ्हातो. तिच्याच लग्नाचा होता गं."

फोन माझ्या हातात तसाच चालू होता. मावशीने आता त्याच्याकडे पाहिलं, नीट, डोळा न लववता.

"तिसऱ्या हाकेला मी आवाज चढवला," ती म्हणाली. "बाकीच्या बायांना आयकू जाया नको म्हून."