गाडीचं इंजिन मागे होतं

भुताची गोष्ट म्हटली की लोक आधी अंधार मागतात. मग वारा मागतात, कुत्र्याचं रडणं मागतात.

इथे त्यातलं काहीही मिळणार नाही. ही भर दुपारची गोष्ट आहे. मंगळवार होता, एक वाजला होता आणि रस्त्यावर रणरणतं ऊन होतं. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. ज्याच्यावर हे बेतलं तो आमच्या नात्यातलाच आहे, आजही रोज कामावर जातो, आणि असलं काही रचून सांगण्याइतकी कल्पनाशक्ती देवाने त्याला दिलेली नाही.

सगळे त्याला बॉनेट म्हणतात.

नोकरी लिफ्ट तपासायची. आज या गावात, उद्या त्या गावात. पण लिफ्ट हे पोटासाठी. जीव गाड्यांत. गावोगाव फिरताना त्याने काय काय पाहिलं नाही! फ्रीजसारखं अख्खं तोंड उघडून आत बसायची गाडी पाहिली. तीन चाकांची पाहिली. एका तळ्याकाठी तर पाण्यात चालणारी गाडी पाहिली आणि त्या आनंदात हॉटेलची किल्ली तळ्यात पाडून आला.

अशी गाडी दिसली की तो आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. डोळे मिटून सांगायचा, "पंचवीस मिनिटं झाली बंद करून." मालक घड्याळ बघायचा आणि तोंडात बोट घालायचा. नाव तिथून पडलं.

ही विद्या त्याच्या बाबांची. बाबा बस डेपोत फिटर होते. "हाताला विचार," ते म्हणायचे. "माणूस खोटं बोलतो, मीटरचा काटा खोटं बोलतो, हात नाही बोलत."

आता कडू भाग. गाडी दिसली की या माणसाला ना वेळेचं भान, ना माणसांचं. त्याच्या ताईच्या लग्नात हा तासभर उशिरा पोचला, कारण वाटेत कुणाची तरी जुनी गाडी उभी होती. आई गेली तेव्हाही उशिरा. पुढे बाबा अंथरुणाला खिळले. चार वर्षं ताईने एकटीने काढली. हा महिन्यातून एकदा यायचा, तेही संध्याकाळ व्हायला आली की.

त्या मंगळवारी सकाळी ताईचा फोन आला.

"डॉक्टर म्हणालेत, बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. बाबा तुझं नाव घेतायत. या वेळी तरी कुठे थांबू नकोस रे."

"निघालोच," तो म्हणाला. आणि खरंच निघाला. चार तास कुठे थांबला नाही, चहालासुद्धा नाही.

बाबा होते तो दवाखाना अर्ध्या तासावर राहिला होता.

रस्त्याकडेला एक पंक्चरचं दुकान होतं. मागे शेड. शेडचं दार अर्धं उघडं... आणि दारातून एक गोल, शेवाळी रंगाची पाठ दिसत होती.

त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

अशी गाडी त्याने फक्त पुस्तकात पाहिली होती. पाचच मिनिटं, तो स्वतःला म्हणाला. फोन त्याच्या गाडीत चार्जिंगलाच राहिला.

पंक्चरवाला म्हातारा होता. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. "बघा की साहेब," त्याने मानही वर केली नाही. "बघायला काय जातंय!"

शेडमध्ये गारवा होता. जाड भिंती, एकही खिडकी नाही. गाडीवर बोटभर धूळ.

बॉनेटने सवयीने पुढच्या झाकणावर तळहात ठेवला.

गरम.

आत्ताच कुठूनतरी आली असणार, त्याला वाटलं. पण मग धूळ? आणि टायर तर चारही बसलेले...

मग त्याच्या लक्षात आलं आणि मानेवरचे केस उभे राहिले.

या गाडीचं इंजिन मागे असतं.

पुढे नुसती सामान ठेवायची जागा. तुम्हीआम्ही असतो तर हात झटकून चहा प्यायला गेलो असतो. पण तो गाड्यांतला किडा. तो मागे गेला, इंजिनच्या झाकणावर हात ठेवला. थंडगार. दारं थंड. छत थंड. परत पुढे आला...

गरमच. उलट जास्त.

"काका, या गाडीची बॅटरी पुढे आहे का? आत शॉर्ट झालंय वाटतं."

"कसली बॅटरी!" म्हातारा दारातूनच हसला. "इंजिनपण नाही त्यात. कधीच काढून नेलंय. नुसता सांगाडा आहे."

त्याने झाकण उघडलं. आत रिकामं. एक वायरसुद्धा नाही. झाकणाची आतली बाजू गार.

झाकण लावलं. वर हात ठेवला.

गरम...

इथे आमचा शहाणा चुकला. दुसरा कोणी पळाला असता. याने मात्र हात तसाच ठेवला, कारण हाताची रीतच ती. थंड व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं, म्हणजे कळतं ऊब कुठून येते. तो मोजत राहिला.

मग आवाज सुरू झाला.

फुस्स... फुस्स...

मध्ये लांब खंड. पुन्हा फुस्स.

"काका, कॉम्प्रेसर बंद करा जरा. कानाला त्रास होतोय."

"सकाळपासून लाईट नाही साहेब."

बॉनेटने कान पत्र्याजवळ नेला. आवाज त्याच्या हाताखालून येत होता.

पत्रा ओलसर झाला. आधी तळहाताखाली, मग कडेने थेंब धरले. बाकी सगळ्या गाडीवर कोरडी धूळ, आणि तेवढीच जागा ओली. त्याने खिशातून रुमाल काढून हलकेच पुसलं. का पुसलं, ते त्याला अजून सांगता येत नाही. पत्र्याला कोणी इतकं जपून पुसतं का?

पुसल्यावर आवाज जरा संथ झाला.

त्याला बरं वाटलं. हे तो स्वतः सांगतो आणि सांगताना मान खाली घालतो. इतकं बरं त्याला खूप वर्षांत वाटलं नव्हतं. भीती गेली होती. कुठे जायचंय, कोण वाट बघतंय, सगळं पुसलं गेलं होतं. नुसता हात आणि ती ऊब.

मग मनात आलं... याचा फोटो हवा. मित्रांना सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार?

फोन गाडीत होता.

त्याने हात काढला.

शेडमधला आवाज थांबला.

तो धावत आपल्या गाडीकडे गेला. फोनवर ताईचे अकरा मिस्ड कॉल. त्याने पाहिले. चांगले पाहिले. मग शेडमध्ये परत आला आणि आधी फोटो काढला.

फोटोवरची वेळ तीन वाजून दहा मिनिटं.

दोन तास! त्याच्या हिशेबाने पंधरा मिनिटंही झाली नव्हती. त्याने पुन्हा पत्र्यावर हात ठेवला. गार. बाकीच्या गाडीइतकाच गार आणि कोरडा.

तेवढ्यात फोन वाजला. ताईने दोनच शब्द सांगितले. "बाबा गेले."

तो दवाखान्यात पोचला तेव्हा ताई खोलीबाहेर बाकावर बसली होती. रडत नव्हती. त्याच्याकडे बघितलंही नाही.

तो आत गेला. चादर बाजूला केली आणि बाबांच्या कपाळावर तळहात ठेवला. त्याने काही विचारलं नव्हतं, तरी हाताने उत्तर दिलं.

चाळीस मिनिटं.

मागून ताई आली. भिंतीशी बोलावं तसं बोलली.

"ताप फार होता. एक वाजल्यापासून एकच धोशा. 'आला तो. कपाळावर हात ठेवलाय बघ.' मी म्हटलं, बाबा, अजून वाटेत आहे तो. तर माझ्यावरच ओरडले. 'मला त्याचा हात कळत नाही का?' म्हणाले."

तो भिंतीला टेकला.

"मध्येच म्हणाले, घाम पुसला त्याने. मी टॉवेल घेऊन उठले, तर कपाळ कोरडं होतं. शेवटी मीच म्हटलं, हो बाबा, आलाय तो. मरत्या माणसाशी खोटं बोलायला लावलंस मला."

"आणि... शेवटी?"

"'हात काढला गं त्याने.' एवढंच म्हणाले. मग श्वास घेतलाच नाही."

याला आता चौदा महिने झाले. भास म्हणा, योगायोग म्हणा, आम्हीही बरंच काही म्हणून पाहिलं. फोटो ताई सोडून आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. धुळकट गाडी, बसलेले टायर, बाकी काही नाही. पुढच्या झाकणावर मात्र पंजाएवढी जागा स्वच्छ पुसलेली दिसते. ती दिसली की आमच्यातलं कोणी ना कोणी विषय बदलतं.

बॉनेट आता कुठल्याच गाडीला हात लावत नाही. मध्यरात्री नाही, ऐन जेवताना घास हातात धरून तो विचारतो, "मी हात काढला नसता तर?" आम्ही ताटात बघतो.

ताईला त्याने वर्षभर काही सांगितलं नव्हतं. सांगितलं तर कळणार की दवाखान्यापासून अर्ध्या तासावर हा दोन तास एका सांगाड्याजवळ उभा होता. नाही सांगितलं तर ती जन्मभर समजणार की बाबा भ्रमात गेले आणि आपण त्यांना फसवलं. शेवटी गेल्या महिन्यात तो तिच्या घरी गेला आणि सगळं सांगून टाकलं. गरम पत्रा, तो आवाज, रुमाल, अकरा कॉल, आणि आधी काढलेला फोटो. काही लपवलं नाही.

ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. खोटं आहे म्हणाली नाही, ओरडली नाही. त्याला वाटलं, आता ती रडेल आणि एकदाचं सगळं मोकळं होईल.

तिने हातातला शर्ट नीट घडी करून ठेवला.

"फोटो चांगला आला का?" तिने विचारलं.

आणि पुढचा कपडा उचलला.